एक सूत कमी

गेले चार वीकेंड मी गोधडी शिवतोय.

हसून झालं? बरं. आता पुढचं ऐका. ही गोधडी पूर्ण झाल्यावर कशी दिसणार आहे, हे मला माहीत नाही. मधे चांदणी येणार की फूल, काठ कसला असणार, कुठला तुकडा कुणाच्या शेजारी बसणार, काही म्हणजे काही माहीत नाही. आणि तरीही दर शनिवारी सकाळी, सुज्ञ माणसं झोपलेली असतात त्या वेळी, मी शिलाई मशीनवर बसून चौकोनाला चौकोन जोडतोय.

या प्रकाराला इथे अमेरिकेत मिस्टरी क्विल्ट म्हणतात. पद्धत सोपी आहे. डिझाइन करणारी बाई आधी फक्त रंग सांगते आणि कुठल्या रंगाचं किती कापड लागेल ते सांगते. मग दर आठवड्याला एक 'क्लू' येतो: अमुक मापाचे इतके चौकोन कापा, असे जोडा, इतकी युनिटं करून बाजूला ठेवा. चित्र शेवटी. बॉनी हंटर नावाच्या डिझायनरबाईंच्या मिस्टरी या मंडळींत फार प्रसिद्ध आहेत. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्या सुरू होतात आणि बऱ्याचदा मागे एखादा प्रवास असतो. २०१५ची 'अ‍ॅलिएतारे' इटलीवरून, २०१६ची 'ऑन प्रोव्हान्स' फ्रान्सवरून. तिथे पाहिलेले रंग, फरशा, भिंती डोक्यात घेऊन यायच्या आणि त्याचे तुकडे करून लोकांना वाटायचे.

आमच्या गावातल्या कापडदुकानाच्या मालकीणबाईही हिवाळ्यात अशी एक मिस्टरी करतात. (गाव म्हणजे ओहायोतलं एक छोटं शहर. मी इथे ऑनसाइट आहे, नोव्हेंबरात साडेपाचला अंधार पडतो, यापेक्षा जास्त खुलासा करत नाही.) बाई यंदा फ्लोरेन्सला जाऊन आल्या. त्यामुळे यंदाचा विषय फ्लोरेन्सचं कॅथीड्रल. रंग चार: पांढरा, हिरवा, फिकट गुलाबी आणि विटकरी. पहिले तीन भिंतींचे. काराराचा पांढरा संगमरवर, प्रातोचा हिरवा आणि मारेम्माचा गुलाबी. चौथा अर्थातच वरच्या घुमटाचा. कापड सगळं मिळून नऊ यार्ड लागलं. नऊवारीच की!

मी फ्लोरेन्सला गेलेलो नाही. पण शिवायला बसल्यापासून त्या इमारतीवर इतकं वाचलंय की गाईड म्हणून चालेन. आणि वाचता वाचता एक गंमत लक्षात आली.

या कॅथीड्रलची पायाभरणी १२९६ साली झाली. १३६७ साली घुमट कसा दिसणार ते पक्कं ठरलं: आठ बाजू आणि आतून सुमारे ४५ मीटर रुंद. चित्र तयार! फक्त एक बारीक अडचण होती. एवढा घुमट बांधायचा कसा, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. खालून लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर कमान टेकवायची नेहमीची पद्धत इतक्या उंचीवर आणि इतक्या रुंदीला चालणारी नव्हती. तरी भिंती चढत राहिल्या. पन्नासेक वर्षं गेली. १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली आणि सोनारकाम शिकलेला एक माणूस, ब्रुनेलेस्की, पुढे आला. १४२० साली काम सुरू झालं आणि १४३६ साली घुमट पूर्ण झाला. खालून आधार न देता.

म्हणजे बघा. कॅथीड्रल बांधणाऱ्यांना चित्र माहीत होतं, कृती माहीत नव्हती. मिस्टरी क्विल्टमधे कृती माहीत असते, चित्र माहीत नसतं. आणि आमच्या धंद्यात? आमच्या धंद्यात बहुतेक वेळा दोन्ही माहीत नसतं, पण डेडलाईन मात्र माहीत असते :-)

विनोद सोडा. मला इथे एक मुद्दा मांडायचाय.

दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या प्रोजेक्टवर होतो. कंपनीचं नाव नको, क्लायंटचंही नको. जुनी सिस्टिम काढून नवी आणायची होती. माझ्याकडे बिलिंगचा एक छोटा भाग. चौदा महिने मी तो लिहिला, तपासला, पुन्हा लिहिला. चित्र आम्हाला भरपूर दाखवलं जायचं. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना हॉलमधे जमवून स्लाईड, बाण, ढग, रंगीत चौकोन. 'बिग पिक्चर' या शब्दाचा मला अक्षरशः कंटाळा आला होता. नव्हतं ते माप. शेजारची टीम मला कुठल्या फॉरमॅटमधे डेटा देणार हे तीनदा बदललं, आणि तिन्ही वेळा मला ते माझा कोड फुटल्यावर कळलं. शेवटी एका गुरुवारी चार ओळींची मेल आली की प्रोजेक्ट थांबवण्यात येत आहे, सर्वांच्या परिश्रमांबद्दल आभार.

तेव्हापासून 'इंजिनियरला पूर्ण चित्र दाखवलं की तो मन लावून काम करतो' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. मॅनेजमेंटच्या प्रत्येक ट्रेनिंगमधे ते असतंच. मला वाटतं, ते अर्धवट खरं आहे. चित्र दाखवणं सगळ्यात स्वस्त काम आहे. ते कुणीही काढू शकतं. चित्र न बघताही माणूस जीव लावून काम करतो. पण त्यासाठी दुसरं काहीतरी लागतं. ते काय, हे मला या गोधडीने शिकवलं, आणि चांगलंच महागात शिकवलं.

झालं असं. पहिला क्लू त्रिकोणांचा होता, तो बरा झाला. दुसरा क्लू चार चौकोनांचा. हिरव्या आणि पांढऱ्या कापडाच्या दोन-दोन इंची पट्ट्या कापायच्या, एक हिरवी एक पांढरी लांबीत जोडायची, मग आडवे दोन-दोन इंची काप घ्यायचे आणि दोन काप उलटसुलट जोडायचे. झालं बुद्धिबळाच्या पटासारखं चार घरांचं युनिट. पाव इंच शिवण धरली तर हे युनिट बरोबर साडेतीन इंच भरायला हवं. अशी १२० करायची होती.

मी केली. दोन रात्रींत केली. मशीनच्या पायाची कड म्हणजे पाव इंच, असं धरून चाललो आणि खटाखट शिवत सुटलो. १२० युनिटं, इस्त्री करून, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत. फोटो काढून इथल्या मित्रांना पाठवलासुद्धा. मोजलं मात्र एकही नाही.

शनिवारी दुकानात सगळे आपापली युनिटं घेऊन जमतात. सगळे म्हणजे पंधरा आज्या आणि मी. बाईंनी माझ्या गठ्ठ्यातलं वरचं युनिट उचललं, काचेसारखी पारदर्शक पट्टी त्यावर ठेवली, आणि एक शब्द न बोलता पट्टी आणि युनिट दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

साडेतीनला एक सूत कमी.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपले सुतार आणि गवंडी मोजतात ते. माझी शिवण पाव इंचापेक्षा अर्धा सूत जास्त पडत होती. एका शिवणीत दोन्ही बाजूंचे तुकडे खाल्ले जातात, म्हणून अर्ध्याचं एक झालं. एक सूत म्हणजे काय मोठं, असं मीही म्हणालो. बाई म्हणाल्या, अशी आठ एका ओळीत आली तर किती? एक इंच. सोळा आली तर दोन. कापड थोडं ओढून घ्या म्हणावं तर दोन इंच कोण ओढणार?

खरी मेख पुढे आहे. माझ्या डोक्यात लगेच आपलं नेहमीचं सुरू झालं: पॅच मारू. (पॅच म्हणजे ठिगळच की, आणि मी तर ठिगळांच्याच दुकानात उभा होतो.) बाकीची युनिटं पण एक सूत कमी कापून टाकली तर? सगळंच सारखं लहान. कोण बघतंय! पण ते करता येत नाही. कारण चित्र माहीत नाही. ही चार घरं त्रिकोणांच्या शेजारी बसणार की सलग कापडाच्या पट्टीला लागणार, एका ओळीत चार येणार की बारा, ते मला ठाऊकच नाही. जेव्हा पूर्ण चित्र समोर नसतं, तेव्हा माप हेच एकमेव वचन असतं. साडेतीन म्हणजे साडेतीन. तुझ्याकडून ते पाळलं गेलं तर बाकीचं जुळेल, ही जबाबदारी दुसऱ्याची. तुझ्याकडून नाही पाळलं गेलं तर कुठे काय फुटेल, ते तुला कळणारही नाही.

मी जरा चिडून बाईंना म्हटलं, मग मला चित्र दाखवा ना, म्हणजे मला ठरवता येईल. त्या आत गेल्या आणि घडी घातलेली एक गोधडी घेऊन आल्या. उलटी बाजू वर, त्यामुळे दिसत होतं ते फक्त मागचं साधं कापड. म्हणाल्या, "चित्र जानेवारीत. पण ही बघ, ही शिवून झाली आहे. मी दोनदा शिवली. पहिल्या वेळी माझंही हेच युनिट चुकलं होतं."

मला त्या क्षणी माझा सगळा राग कशाबद्दल होता ते कळलं.

आम्हाला स्लाईड दाखवणाऱ्यांपैकी कुणीही ती सिस्टिम एकदाही, छोट्या प्रमाणातसुद्धा, शिवून बघितलेली नव्हती. चित्र होतं, पण घडी घातलेली गोधडी आत कपाटात नव्हती. ब्रुनेलेस्कीसुद्धा आपली युक्ती उघड करायला फारसा तयार नव्हता म्हणतात. पण त्याने आधी विटांचं एक भलंमोठं मॉडेल, आधाराशिवाय, खरोखर बांधून दाखवलं होतं. ज्यांनी काम दिलं ते त्या मॉडेलवर विसंबले, भाषणावर नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. गुपित ठेवायला माझी हरकत नाही. 'तुला आत्ता एवढंच समजलं तरी पुरे' असं मला कुणी म्हटलं तर मी ते ऐकून घेईन. पण म्हणणाऱ्याने आधी एकदा स्वतःच्या हाताने ते करून बघितलेलं असावं. आणि मला दिलेलं माप मधेच बदलू नये. या दोन गोष्टी असतील तर मी डोळे झाकून १२० चौकोन शिवतो. या दोन नसतील तर तुमचा बिग पिक्चर तुम्हालाच लखलाभ.

हे मी ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, अरे हा तर गिरणी कामगाराचा विचार झाला. स्वतःचं डोकं कुठे आहे यात? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. क्विल्टवाल्या बायकांतही अनेकजणी मिस्टरीच्या वाटेला जात नाहीत. एवढं महागाचं कापड कापायचं आणि शेवटी चित्र आवडलं नाही तर? कापड आपलं, वेळ आपला. त्यातल्या एक आजी तर मला म्हणाल्या की त्यांच्या माळ्यावर तीन मिस्टरी अर्धवट पडल्यात, आणि एकीचंही त्यांना वाईट वाटत नाही.

मित्राला मी उत्तर दिलं, की सोडून द्यायची मुभा आहे म्हणूनच मी थांबलोय. पण खरं सांगायचं तर ते उत्तर मला स्वतःलाच पुरेसं वाटलं नाही. रात्री घरी आलो, १२० युनिटांचे गठ्ठे टेबलावर तसेच ठेवले आणि दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही. प्रत्येक युनिटात तीन शिवणी. एकूण ३६०. सगळ्या उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. दरम्यान तिसरा क्लू आला. चौथाही आला. बाकीच्या पुढे गेल्या. माझा स्टेटस रिपोर्ट लिहायचा तर 'प्रगती : उणे एक'.

मग रविवारी आजीला फोन केला.

आजी कऱ्हाडजवळ असते. तिच्या वाकळा मी लहानपणापासून पांघरल्यात. तिच्याकडे ना चित्र असायचं, ना क्लू. ओटीवर जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आत फाटकी धोतरं, चादरी, माझ्या शाळेच्या खाकी पँटीसुद्धा सारख्या पसरायच्या, वरून दुसरं लुगडं, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. टाके वाकडे नसायचे, पण मापाचेही नसायचे. तुकडा कमी पडला की ठिगळ. माझ्या वरच्या सगळ्या थिअरीत ती कुठेच बसत नव्हती. चित्रही नाही, कृतीही नाही, मापही नाही. आणि वाकळ मात्र वीस-वीस वर्षं टिकलेली.

तिला मी माझी कहाणी सांगितली. एक सूत, पट्टी, बाई, फ्लोरेन्स, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आरं, पर पांघरणार कोण ती?"

मला उत्तर देता येईना. चार वीकेंड, नऊ यार्ड कापड, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी शिवत होतो कारण क्लू येत होते. आठवून बघितलं तर त्या चौदा महिन्यांच्या प्रोजेक्टमधेही हेच होतं. आमच्या भागातून निघणारं बिल शेवटी कोण वाचणार, काउंटरवर बसलेली बाई की घरी पाकीट फोडणारा म्हातारा, हे मी कधी कुणाला विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलंही नाही. दोष नुसता वरच्यांचा नव्हता. आजीला चित्राची गरज नव्हती कारण तिला पांघरणारा माहीत असायचा. धाकट्या काकासाठी लांब, कारण तो उंच. माझ्यासाठी जड, कारण मी लाथा मारून पांघरूण फेकायचो. तिचं माप तेच होतं.

माप, आणि स्वतः करून बघितलेला माणूस, या दोन्ही गोष्टी लागतातच, यावर मी अजून ठाम आहे. मोठ्या कामात, जिथे शंभर हात एकमेकांना न बघता शिवतात, तिथे आजीची पद्धत चालणार नाही. पण त्या दोन्ही असूनही ३६० शिवणी उसवायला माणूस कशाला बसेल? पाव इंचाच्या प्रेमापोटी? मी तरी दोन दिवस बसलो नव्हतो.

मी आजीला म्हटलं, "तुझ्यासाठी आहे."

खरं म्हणजे ते मी त्या क्षणी ठरवलं. तिला ते कळलं असणार, कारण ती जरा हसली. मला वाटलं होतं म्हणेल, मला कशाला, माझ्या हायेत की. तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "मग आणायच्या आदी दोन येळा धू. नवं कापड टोचतंय."

आजीचे डोळे आता अधू झालेत. पांढरा, हिरवा, गुलाबी तिला फारसा वेगळा दिसणार नाही. फ्लोरेन्सशी तिला देणंघेणं नाही. पण वाकळ हातात घेतली की ती आधी बोटांनी शिवण चाचपते, हे मी शंभरदा पाहिलंय. जिथे कापड ओढून बसवलंय तिथे तिचं बोट थांबतं.

तेव्हा परवा रात्रीपासून उसवायला घेतलंय. त्यासाठी एक छोटं हत्यार मिळतं, टोकदार, पेनाएवढं. दर तिसरा टाका कापायचा, मग उलट बाजूचा दोरा सरळ ओढला की निघून येतो. घाई केली तर कापड फाटतं. मशीनची सुई एका खूणगाठीने सरकवून घेतली आणि आता प्रत्येक दहावं युनिट मोजतोय. (आयुष्यभर 'युनिट टेस्ट लिहा रे' म्हणून ज्युनियर लोकांच्या मागे लागलो, त्याचं फळ.) चित्र जानेवारीच्या पहिल्या शनिवारी उघड होणार आहे. तोवर माझं पूर्ण होणार नाही, हे आता नक्की. बाई म्हणाल्या, चित्र काही पळून जात नाही.

आत्तापर्यंत २१५ शिवणी उसवून झाल्यात. १४५ बाकी. बाहेर बर्फ पडतोय. चहा ठेवतो आणि बसतो.